आईच्या खुब्यात बसणारा सांधा कोणी तपासला?

पत्र:
'मॅडम, माझी आई ७४ वर्षांची आहे. उजवा खुबा पार झिजलाय. दोन वर्षं काठीवर काढली, आता रात्री कूस बदलली तरी कळ येते. मिरजेच्या सर्जननी खुबा बदलायला सांगितलंय, सिमेंटचा. दिवाळीनंतरची तारीख मिळाली आहे, पण घरात एकमत होत नाही. धाकटा भाऊ म्हणतो, सिमेंट म्हणजे जुनं आणि स्वस्तातलं, आता बिनसिमेंटचे सांधे आलेत. न्यू जर्सीचा भाचा म्हणतो, "एफडीए अप्रूव्ह्ड असेल तरच बसवा." शेजारचे काका त्या परदेशी कंपनीच्या सांध्यांवरून झालेल्या कोर्टकचेऱ्यांची आठवण काढतात. त्यात भूलतज्ज्ञ म्हणाले, सिमेंट भरताना बीपी खाली येऊ शकतं. आईला बीपीच्या गोळ्या चालू आहेत. तेव्हापासून तिचा एकच धोशा, "मला नको ऑपरेशन, आहे तशी बरी आहे." मॅडम, हे सांधे माणसात घालण्याआधी कोणी तपासतं का? मंजुरी म्हणजे नक्की काय असतं? आम्ही डॉक्टरांना काय विचारायचं?
– सविता (नाव बदललं आहे), तासगाव'

सविताताई,

'कोणी तपासतं का' हे वाचून मी तुमचं पत्र बाजूला ठेवूच शकले नाही. तपासतात, ताई. मी स्वतः २२ वर्षं तेच काम केलं, कृत्रिम सांध्यांच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत. मी डॉक्टर नाही. आईचं ऑपरेशन करावं की नाही, ते तिचे सर्जन आणि भूलतज्ज्ञच सांगू शकतील. पण तिच्या हाडात जी वस्तू बसणार आहे तिच्याबद्दल मला जे माहीत आहे ते सगळं तुम्हाला सांगते.

आधी वस्तू समजून घ्या. मांडीच्या हाडाच्या पोकळीत जाणारी धातूची दांडी, तिच्या टोकावर गोळा आणि कमरेच्या हाडात बसणारी प्लास्टिकची वाटी, असे हे तीन भाग. सिमेंटच्या सांध्यात दांडी आणि वाटी हाडात जखडली जाते ती बोन सिमेंटने. घर बांधायच्या सिमेंटशी त्याचा काही संबंध नाही. हे एक ॲक्रिलिक आहे, दातांच्या कवळीच्या जातीचं. ते गोंदासारखं चिकटवत नाही. हाड आणि धातू यांच्यामधली सगळी फट भरून काढतं आणि दांडीला हलू देत नाही.

आता चाचणी. दांडी एका साच्यात रोवतात, पण पूर्ण नाही. गोळ्याच्या मध्यापासून खाली ८० मिलिमीटरपर्यंतचा भाग मुद्दाम मोकळा सोडतात. वरच्या बाजूला आधार सुटलाय आणि खालचं टोक मात्र घट्ट धरलेलं आहे, ही दांडीसाठी सगळ्यांत वाईट अवस्था. जुन्या काळी दांड्या मोडायच्या त्या अशाच. म्हणून यंत्रावर तीच अवस्था उभी करायची आणि वरून सुमारे २३० किलो वजनाइतका दाब द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा, असं ५० लाख वेळा. दांडीच्या मानेची, म्हणजे गोळ्याच्या लगेच खालच्या भागाची, चाचणी वेगळी होते. तिथे दाब याच्या दुपटीहून जास्त आणि आवर्तनं १ कोटी. इतकं झाल्यावर दांडी मोडता कामा नये.

झिजेची चाचणी मला जास्त आवडायची, जरी तिचा वास घरी येईपर्यंत कपड्यांत राहायचा. गोळा आणि वाटी वासराच्या रक्ताच्या सीरममध्ये बुडवलेली, तापमान अंगाइतकं ३७ अंश, आणि यंत्र माणसाच्या चालीसारखं त्यांना फिरवतंय. सेकंदाला एक पाऊल. अशी ५० लाख पावलं म्हणजे न थांबता ५८ दिवस. अधूनमधून यंत्र थांबवून वाटी काढायची, धुवायची, वाळवायची आणि तिचं वजन करायचं. गंमत अशी, की प्लास्टिक सीरम पिऊन थोडं जड होतं, म्हणजे झीज झालेली असूनही वजन वाढलेलं दिसू शकतं. म्हणून शेजारी आणखी एक वाटी तशाच सीरममध्ये, तशाच दाबाखाली, पण न फिरवता ठेवतात. तिचं जेवढं वजन वाढलं तेवढं पहिलीच्या हिशेबात धरायचं. रात्री दहाला मिलिग्रॅमचे आकडे वहीत उतरवताना मला नेहमी वाटायचं, ही कुणाच्या तरी आईची वाटी आहे.

सिमेंटचीही परीक्षा होते. पूड आणि द्रव कालवल्यावर त्याची कणीक होऊन ती हातमोज्याला चिकटेनाशी व्हायला किती वेळ लागतो, ते घट्ट होताना किती तापतं, घट्ट झाल्यावर किती दाबाला फुटतं, हे सगळं मोजतात. ही मोजणी २३ अंशांच्या खोलीत होते. खोली गरम असेल तर तेच सिमेंट लवकर आळतं आणि सर्जनच्या हाताशी वेळ कमी उरतो. म्हणून मी ओळखीच्यांना ऑपरेशन थिएटरचा एसी आणि सिमेंट कुठे ठेवतात याबद्दलही विचारायला सांगते. लोक बावचळतात, पण प्रश्न रास्त आहे.

एवढं सगळं करूनही यंत्राला कळत नाही अशा गोष्टी आहेत. यंत्र मांडी घालून बसत नाही, न्हाणीघरात घसरत नाही, त्याचं हाड वयाबरोबर पातळ होत नाही. एका पायाची वर्षाला साधारण १० लाख पावलं धरली तर आमची ५० लाखांची चाचणी म्हणजे पाच वर्षांची चाल. आईला सांधा हवा आहे तो त्याहून कितीतरी जास्त वर्षांसाठी.

इथे तुम्हाला इंग्लंडमधली एक गोष्ट सांगायलाच हवी. एक्सेटर शहरात रॉबिन लिंग हे सर्जन आणि क्लाइव्ह ली हे इंजिनिअर यांनी सिमेंटची एक दांडी तयार केली. १९७० मध्ये ती पहिल्यांदा बसवली गेली. ती निमुळती होती आणि आरशासारखी गुळगुळीत. १९७६ मध्ये तिचा पृष्ठभाग खरखरीत, मॅट केला गेला. आकार तोच ठेवला. कुणालाही वाटेल, यात काय मोठंसं? पण काही वर्षांत या मॅट दांड्या सिमेंटमध्ये सैल होऊ लागल्या. खरखरीत पृष्ठभाग हलताना सिमेंट खरवडत होता. गुळगुळीत दांडी मात्र सिमेंटमध्ये अगदी किंचित खाली बसून उलट जास्त घट्ट होत होती. १९८६ मध्ये ते पुन्हा गुळगुळीत पृष्ठभागावर आले आणि आज ती दांडी जगात सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या सिमेंटच्या दांड्यांपैकी एक आहे. दांडी मोडते का, एवढंच पाहणाऱ्या यंत्राने हा फरक कसा पकडला असता? ती मोडत नव्हतीच, सैल होत होती. हे कळलं ते रुग्णांकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवल्यामुळे.

सिमेंटच्या बाबतीतही तेच झालं. 'बोनलॉक' नावाचं एक नवं सिमेंट १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं. घट्ट होताना ते कमी तापायचं, त्यामुळे हाडाला बरं असं वाटलं होतं. नॉर्वेत १९८७ पासून बदललेल्या खुब्यांची नोंद ठेवतात. त्या नोंदवहीत दिसलं की हे सिमेंट वापरलेले सांधे लवकर सैल होतायत, आणि १९९५ मध्ये ते बाजारातून गेलं.

म्हणून मी मंजुरीकडे पहिली पायरी म्हणून बघते. ती नसेल तर सांध्याला हातही लावू नये. पण ती आहे एवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

आता तुमच्या भाच्याचं बघू. त्याच्या मनात अमेरिकेची एफडीए आहे. आपल्याकडे एफडीए म्हटलं की लोकांना राज्याचं अन्न व औषध प्रशासन आठवतं, आणि दुकानदार दोन्हींचा घोळ घालून मोकळे होतात. अमेरिकेत सांध्यांना बाजारात यायच्या दोन वाटा आहेत. एका वाटेने माणसांवरच्या चाचण्यांसह सगळं नव्याने सिद्ध करावं लागतं आणि मग 'अप्रूव्हल' मिळतं. दुसरी वाट 'फाइव्ह टेन के' नावाची. आमचा सांधा बाजारात आधीपासून असलेल्या अमुक सांध्यासारखाच आहे, असं कंपनीने दाखवायचं आणि मग 'क्लिअरन्स' घ्यायचा. सिमेंटचे धातू आणि प्लास्टिकचे खुबे सर्रास या दुसऱ्या वाटेने येतात. त्यामुळे भाचा ज्याला 'अप्रूव्ह्ड' म्हणतो तो सांधा बहुतेक 'क्लिअर्ड' असेल. त्यात वावगं काही नाही, फक्त शब्दाचं वजन ओळखा. 'सारखाच' हा शब्द फसवा असू शकतो. ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये थ्री-एम कंपनीचा 'कॅपिटल' खुबा आला. तिथल्या प्रसिद्ध चार्नली खुब्यावर बेतलेला, पण स्वस्त. जवळजवळ ४,७०० लोकांना तो बसवला गेला आणि १९९८ मध्ये सरकारी यंत्रणेला त्याच्याबद्दल धोक्याची सूचना काढावी लागली, कारण तो अपेक्षेपेक्षा फार लवकर सैल होत होता. तोही सिमेंटचाच सांधा होता.

आपल्या देशात हे काम दिल्लीच्या केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचं आहे. सांधे आणि बोन सिमेंट ऑक्टोबर २००५ मध्ये औषध कायद्याखाली आले. जानेवारी २०१८ पासून वैद्यकीय उपकरणांचे वेगळे नियम लागू झाले. त्यांत जोखमीप्रमाणे ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत आणि खुब्याचा सांधा सी वर्गात मोडतो. त्याला केंद्राचा परवाना लागतो. परदेशी सांध्याला अमेरिका, युरोप, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलियातलं विक्रीचं प्रमाणपत्र असेल तर इथे वेगळी चाचणी न घेता आयातीचा परवाना मिळू शकतो. म्हणजे तिथे राहिलेली त्रुटी इथे पकडली जाईलच असं नाही.

आणि असं घडलंय. शेजारच्या काकांना आठवतो तो डीप्यू कंपनीचा एएसआर खुबा. गोळाही धातूचा आणि वाटीही धातूची. अमेरिकेत २००५ मध्ये त्याचा पूर्ण खुब्यासाठीचा प्रकार 'फाइव्ह टेन के'च्या वाटेनेच आला. धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण शरीरात उतरले, आजूबाजूचं मांस खराब झालं, लोकांना पुन्हा ऑपरेशनं करावी लागली. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत बोलावला, तोवर सुमारे ९३,००० सांधे बसवून झाले होते. त्यांतले भारतात साधारण ४,७००. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत तक्रार नोंदवली. पण केंद्राची समिती नेमली गेली ती २०१७ मध्ये, आणि तिचं काम चालू असताना कळलं की रुग्णांपैकी बहुतेकांचा ठावठिकाणाच लागत नाही. मला यातलं सर्वांत जास्त हेच टोचतं. कुणाच्या शरीरात काय आहे याची खात्रीशीर नोंदच कुणाकडे नव्हती.

आईच्या बाबतीत मात्र या भीतीला बहुधा जागा नाही. तिला धातूच्या गोळ्यावर प्लास्टिकची वाटी बसणार असेल. सिमेंटच्या सांध्यात सहसा वाटी प्लास्टिकचीच असते. तरी एकदा विचारून खात्री करा.

भावाचा मुद्दा आता. सिमेंटचा खुबा जुना आहे, अगदी खरं. जॉन चार्नली यांनी इंग्लंडमध्ये रायटिंग्टनच्या रुग्णालयात त्याचा पाया घातला. त्यांनी आधी टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या होत्या, त्या काही वर्षांतच झिजून गेल्या. मग एक विक्रेता यंत्राच्या दातेरी चाकांसाठीचं एक प्लास्टिक घेऊन आला. चार्नली यांनी ते बघताक्षणी नाकारलं. त्यांच्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने तरीही ते झिजेच्या यंत्रावर लावलं, आणि ते झिजता झिजेना. नोव्हेंबर १९६२ पासून त्या वाट्या माणसांत बसू लागल्या. आजच्या प्लास्टिकच्या वाट्या त्याच कुळातल्या. यंत्राजवळ उभं राहणाऱ्या माणसाचं नाव या गोष्टीत आहे, म्हणून मी ती संधी मिळेल तिथे सांगते.

पण जुनं म्हणजे टाकाऊ नव्हे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हाड पातळ झालेलं असतं. बिनसिमेंटची दांडी हाडात ठोकून घट्ट बसवावी लागते, आणि पातळ हाडाला त्यात तडा जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये खुब्याचं हाड मोडलेल्या ६० वर्षांवरच्या १,२२५ रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. दांडीभोवतीचं हाड मोडण्याचं प्रमाण सिमेंटवाल्यांत ०.५ टक्के होतं, बिनसिमेंटवाल्यांत २.१ टक्के. ते रुग्ण अर्धा सांधा, म्हणजे वाटी सोडून फक्त दांडी आणि गोळा, बदललेले होते, आईचा पूर्ण बदलायचा आहे, त्यामुळे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. हाडाचा मुद्दा मात्र दोन्हीकडे सारखा आहे. तुमच्या सर्जननी सिमेंट सुचवलं ते स्वस्त म्हणून नसावं. भावाला त्यांच्यासमोर बसवा आणि 'का' हे त्यांच्याच तोंडून ऐकू द्या.

बीपीचं भूलतज्ज्ञांनी सांगितलं ते खरं आहे, आणि त्यांनी आधी सांगितलं याचं मला समाधान वाटलं. सिमेंट दाबून भरताना हाडातली चरबी, मगज रक्तात ढकलली जाऊ शकते. तेव्हा काहींचं बीपी आणि ऑक्सिजन खाली येतं, क्वचित फार खाली. म्हणून हाडाची पोकळी आधी स्वच्छ धुतात, कोरडी करतात, सिमेंट खालून वर भरत आणतात आणि सर्जन 'आता सिमेंट घालतोय' असं मोठ्याने सांगतात, म्हणजे भूलतज्ज्ञ त्या काही मिनिटांसाठी औषधांसह तयार असतात. आईची हृदयाची तपासणी झाली आहे का, बीपीच्या कोणत्या गोळ्या त्या दिवशी सकाळी घ्यायच्या आणि कोणत्या नाही, हे लिहून घ्या. आईला भूलतज्ज्ञांकडे पुन्हा एकदा घेऊन जा आणि तिलाच प्रश्न विचारू द्या. आपल्यामागे काहीतरी शिजतंय असं वाटलं की म्हातारी माणसं हट्टाला पेटतात. तिच्या 'नको'मागे भीती आहे, तिला उत्तर मिळायला हवं.

सर्जनना एवढं विचारा: दांडीचं आणि वाटीचं नाव काय, कोणत्या कंपनीची, ती किती वर्षं वापरात आहे, आणि कुठल्या देशाच्या नोंदवहीत तिचा दहा वर्षांचा हिशेब आहे का. स्वीडनची नोंदवही १९७९ पासूनची आहे, ऑस्ट्रेलियाची १९९९ पासूनची, इंग्लंड-वेल्सची २००३ पासूनची. ब्रिटनमध्ये 'ओडेप' नावाचं मंडळ या आकड्यांवरून सांध्यांना दर्जा देतं. '१० ए स्टार' म्हणजे दहा वर्षांचा भक्कम पुरावा. तिथली अपेक्षा अशी, की दहा वर्षांत १०० पैकी ५ पेक्षा जास्त सांधे पुन्हा बदलावे लागू नयेत. भाच्याला हे शोधायला सांगा, त्याला दहा मिनिटं लागतील. डॉक्टर म्हणाले, 'हा अगदी नवा आहे, त्याचे आकडे अजून नाहीत,' तर आईसाठी जुना मागा. मी माझ्या आईसाठीही तेच केलं असतं.

जुन्याबद्दलही एक सावधगिरी. झिमर बायोमेटची 'सीपीटी' ही सिमेंटची गुळगुळीत दांडी अनेक वर्षं वापरात होती. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सर्जनना ती टाळायला सांगितलं, कारण तशाच दुसऱ्या दांड्यांपेक्षा तिच्याभोवती मांडीचं हाड मोडण्याचं प्रमाण जास्त दिसलं. आधीच बसवलेली आणि त्रास नसलेली दांडी काढायला कुणी सांगितलेलं नाही. पण नवी बसवताना नाव विचारायचं ते यासाठीही.

आणि आता माझ्या घरातलं. माझ्या सासूबाईंचा खुबा एका रुग्णालयात बदलला होता. अकरा वर्षांनी तो सैल झाला. नव्या सर्जननी विचारलं, 'कोणत्या कंपनीचा? गोळा किती मिलिमीटरचा?' रुग्णालयाकडे कागद नव्हते आणि डिस्चार्ज कार्डावर फक्त 'खुबा बदलला' एवढंच होतं. माझं सगळं आयुष्य सांधे तपासण्यात गेलं, आणि स्वतःच्या घरातल्या माणसाच्या शरीरात कोणता सांधा आहे हे मला सांगता येईना. एक्स-रे समोर धरून अंदाज बांधावा लागला, नको ती हत्यारं मागवून ठेवावी लागली आणि ऑपरेशन लांबलं.

सांध्याच्या प्रत्येक भागाच्या खोक्यात सोलून चिकटवायची लेबलं येतात. सिमेंटच्या पाकिटावरही बॅच क्रमांक असतो. लेबलावर कंपनी, बॅच किंवा लॉट क्रमांक, मुदतीची तारीख असते आणि परदेशी माल असेल तर आयात परवान्याचा क्रमांक आणि आयातदाराचं नाव असतं. एक संच रुग्णालयाच्या फाइलला जातो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच सिस्टरना सांगून ठेवा, की दुसरा संच आमच्या डिस्चार्ज कार्डावर लावा, दांडी, गोळा, वाटी, सिमेंट, चारही. त्याचा फोटो काढा, तो तुमच्या, भावाच्या आणि भाच्याच्या फोनमध्ये असू द्या. पुढे कधी दुखणं वाढलं, मांडीत नव्याने कळ आली, सांध्यातून आवाज येऊ लागला, तर सर्जनना दाखवा आणि वस्तूतच दोष असावा असं वाटलं तर त्यांना मटेरिओव्हिजिलन्सकडे कळवायला सांगा. वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारींसाठी २०१५ पासून चाललेला हा सरकारी कार्यक्रम आहे, गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून चालतो, आणि रुग्णाच्या घरचेही तिथे थेट कळवू शकतात.

दांडीचं नाव कळलं की मला लिहा. तिच्याबद्दल नोंदवह्यांत जे काही असेल ते मी शोधून ठेवते, म्हणजे दिवाळीच्या आधी तुम्हाला, आणि मुख्य म्हणजे आईला, ते वाचता येईल.